महाविद्यालयीन फुटबॉलमधील हंगामोत्तर भाकिते आणि प्रशिक्षकावरील दडपण

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांपैकी डिसेंबर-जानेवारीतल्या अंतिम स्पर्धेत कोण पोहोचेल याविषयी वर्षभर केले जाणारे अंदाज, आणि त्या अंदाजांवर तोलला जाणारा मुख्य प्रशिक्षक, हा या नोंदीचा विषय आहे. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड कमवायचे, असा हा अमेरिकी खेळ आहे. त्याच्या सर्वोच्च महाविद्यालयीन विभागात १३० हून अधिक विद्यापीठे आहेत. ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत प्रत्येक संघ साधारण १२ सामने खेळतो. काही मैदानांत एका शनिवारी लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. कोलंबस, ॲन आर्बर किंवा ऑस्टिनला शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना या खेळाचे गावावरचे राज्य पहिल्याच सप्टेंबरात कळते.

या खेळात भाकिताला मोठे वजन आहे, कारण अंतिम स्पर्धेची दारे केवळ निकालांनी उघडत नाहीत. आयपीएलमध्ये गुणतक्त्यातले पहिले चार संघ बाद फेरीत जातात आणि शेवटचा साखळी सामना संपताच वाद मिटतो. येथे सर्वांचा मिळून असा तक्ताच नाही. संघ आपापल्या गटांत, म्हणजे कॉन्फरन्समध्ये खेळतात. बहुतेक संघांची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही आणि समान प्रतिस्पर्धीही फार थोडे असतात. दुबळ्या गटातला अपराजित संघ आणि बलाढ्य गटात दोनदा हरलेला संघ यांत सरस कोण, हे शेवटी कोणाच्या तरी मतावर ठरते. ते मत ऑगस्टपासूनच्या अंदाजांनी घडत जाते. म्हणून येथे भाकीत हे बाहेर बसून केलेले भविष्यकथन राहत नाही. ते स्पर्धेच्या यंत्रणेतच शिरते आणि प्रशिक्षकाच्या मापाची पट्टीही तेच होते.

मतांचा हा कारभार जुना आहे. नववर्षदिनी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे खेळला जाणारा रोझ बाउल हा हंगामानंतरचा सामना १९०२ मध्ये पहिल्यांदा झाला. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असे हरवले. १९१६ नंतर तो दरवर्षी होऊ लागला. १९३० च्या दशकात ऑरेंज, शुगर, कॉटन असे इतर बाउल सामने उभे राहिले. हे सामने निमंत्रणाचे होते, विजेतेपदाचे नव्हते. राष्ट्रीय विजेता ठरवण्याचे काम १९३६ पासून असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांच्या आणि १९५० पासून प्रशिक्षकांच्या मतदानाने होत असे. महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने या सर्वोच्च विभागाचे विजेतेपद आजवर स्वतः कधी दिलेले नाही. १९७३ मध्ये प्रशिक्षकांनी बाउल सामन्यांआधीच अलाबामाला विजेता ठरवले. त्याच अलाबामाला शुगर बाउलमध्ये नोत्र दामने २४-२३ असे हरवले आणि पुढच्या वर्षीपासून ते अंतिम मतदान बाउल सामन्यांनंतर होऊ लागले. १९९०, १९९१ आणि १९९७ मध्ये दोन मतदानांनी दोन वेगळे विजेते दिले.

यावर उपाय म्हणून १९९८ पासून मतदान आणि संगणकी क्रमवारी यांची सांगड घालून पहिल्या दोन संघांत अंतिम सामना लावण्याची बीसीएस (बाउल चॅम्पियनशिप सिरीज) पद्धत आली. २००३ मध्ये पत्रकार आणि प्रशिक्षक दोघांच्याही यादीत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्निया संगणकाच्या हिशोबात तिसरा ठरला. अंतिम सामना लुइझियाना स्टेट आणि ओक्लाहोमा यांच्यात झाला, लुइझियाना स्टेट जिंकला, आणि पत्रकारांनी तरीही आपले मत सदर्न कॅलिफोर्नियालाच दिले. वर्षभराने असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी या सूत्रात वापरण्यास मनाई केली.

२०१४ च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी सुरू झाली आणि निवड १३ जणांच्या समितीकडे आली. विद्यापीठांचे क्रीडा संचालक, निवृत्त प्रशिक्षक आणि जुने खेळाडू तिच्यात असतात. पहिल्या समितीत माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइसही होत्या. टेक्ससमधील ग्रेपव्हाइन येथील हॉटेलात समिती बसते, हंगामाच्या उत्तरार्धात दर आठवड्याला क्रमवारी जाहीर करते, आणि ज्या सदस्याचे एखाद्या विद्यापीठाशी नाते आहे तो त्या संघाच्या चर्चेतून बाहेर जातो. पहिल्याच वर्षी शेवटून दुसऱ्या यादीत तिसरा असलेला टेक्सस ख्रिश्चन संघ आपला अखेरचा सामना ५५-३ ने जिंकूनही सहाव्या क्रमांकावर घसरला. चौथी जागा ओहायो स्टेटला मिळाली. तो संघ तिसऱ्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला) घेऊन खेळला आणि थेट विजेता झाला. समितीचा अंदाज खरा ठरला, पण टेक्सस ख्रिश्चनने अखेरच्या शनिवारी आणखी काय करायला हवे होते, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

२०२३ चा प्रसंग याहून कठोर आहे. फ्लोरिडा स्टेट तेराही सामने जिंकून आपल्या गटाचा विजेता होता. नोव्हेंबरात त्याचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला. त्याच्याशिवाय हा संघ तेवढा बलवान राहिलेला नाही असे मानून समितीने एक पराभव पत्करलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. संघाने केलेली कामगिरी बाजूला ठेवून तो पुढे काय करील याच्या अंदाजाला येथे निर्णायक किंमत मिळाली. माझ्या मते तो निर्णय अन्यायकारक होता. अपराजित राहणे एवढेच संघाच्या हातात असते आणि ते त्यांनी करून दाखवले होते. पुढे ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जियाने त्यांना ६३-३ असे चिरडले. पण तोवर अनेक प्रमुख खेळाडूंनी त्या सामन्यातून अंग काढून घेतले होते, म्हणून तो निकाल समितीच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

२०२४ पासून बाद फेरी १२ संघांची झाली. क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच गटविजेत्यांना हमखास जागा आणि उरलेल्या सात जागा समितीच्या मताने, अशी वाटणी २०२४ आणि २०२५ मध्ये होती. पहिल्या वर्षी वरच्या चार गटविजेत्यांना थेट उपांत्यपूर्व फेरी मिळाली आणि ते चौघेही तेथेच हरले. पुढच्या वर्षी ही सवलत गटविजेत्यांऐवजी क्रमवारीतल्या पहिल्या चौघांना देण्यात आली.

अंदाज बांधण्याची आजची पद्धत बरीच शास्त्रीय आहे. संघाला ताकदीचा एक अंक दिला जातो. त्यात मागील वर्षांची कामगिरी, परत येणारे खेळाडू, नव्या भरतीची गुणवत्ता आणि चालू हंगामातील प्रत्येक चालीचा हिशोब येतो. दोन संघांच्या अंकांतील फरकात घरच्या मैदानाचे दोन-तीन गुण मिळवले की सामन्याचा अपेक्षित फरक निघतो. मग संगणकावर उरलेला हंगाम हजारो वेळा खेळवून बाद फेरीची टक्केवारी काढतात. लास व्हेगासच्या सट्टेबाजांचे आकडेही याच जातीचे असतात, आणि पैसा पणाला लागलेला असल्याने ते सहसा अधिक नेमके असतात.

हे आकडे वाचताना प्रेक्षक आणि विद्यापीठांचे विश्वस्त एक साधे गणित विसरतात. एखादा संघ इतका बलवान आहे असे समजू की त्याला बाराही सामन्यांत प्रत्येकी ९० टक्के संधी आहे. असा संघ सर्व सामने जिंकण्याची शक्यता फक्त २८ टक्के निघते. दोन किंवा अधिक सामने हरण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. म्हणजे कोणतीही चूक न करता, केवळ चेंडूच्या उसळीने, तीनांतल्या एका हंगामात हा संघ ‘अपेक्षाभंग’ करील. जो प्रशिक्षक प्रत्येक सामन्यात ७५ टक्के संधी निर्माण करतो त्याची सरासरी नऊ विजयांची असते. मोठ्या विद्यापीठांत नऊ विजय म्हणजे आज नोकरी धोक्यात.

याचे ठळक उदाहरण पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन. २०२४ च्या हंगामात त्यांचा संघ उपांत्य फेरीत पोहोचून नोत्र दामकडून तीन गुणांनी हरला. बरेच खेळाडू परत आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पत्रकारांनी पेन स्टेटला दुसरे मानांकन दिले. पहिले तीन सामने जिंकल्यावर २७ सप्टेंबरला ओरेगनविरुद्ध जादा वेळेत पराभव झाला. पुढच्या शनिवारी तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएने हरवले, त्यापुढच्या शनिवारी नॉर्थवेस्टर्नने एका गुणाने. १२ ऑक्टोबरला फ्रँकलिन यांना काढून टाकले. या विद्यापीठात त्यांच्या नावावर १०४ विजय होते. बड्या संघांपुढे ते कमी पडतात ही तक्रार जुनी होती आणि तिच्यात तथ्यही होते. पण संघाला दुसऱ्याऐवजी विसावे मानांकन असते, तर पंधरवड्यात गाशा गुंडाळावा लागला असता असे वाटत नाही. त्या वर्षी पहिले मानांकन मिळालेला टेक्सस आणि चौथे मिळालेला क्लेम्सन हेही बाद फेरीत पोहोचले नाहीत. विजेतेपद मिळाले इंडियानाला. इतिहासात सर्वाधिक पराभव पाहिलेल्या संघांपैकी एक असलेला हा संघ २०२३ मध्ये ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) होता. प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी यांनी त्याला दोन हंगामांत १६-० वर नेले. या यशाची दुसरी बाजू अशी की, दुसऱ्या वर्षीच विजेतेपद का नाही, हा प्रश्न आता प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला विचारला जाईल.

ओहायो स्टेटचे रायन डे यांची कथा वेगळ्या कारणाने बोलकी आहे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी सुमारे वीस गुणांनी जिंकण्याची अपेक्षा असताना त्यांचा संघ घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असा हरला. मिशिगनकडून हा त्यांचा सलग चौथा पराभव होता. कोलंबसमध्ये हा सामना बाकी सर्व सामन्यांहून मोठा मानतात. याच प्रतिस्पर्ध्यापुढे १३ सामन्यांत फक्त दोन विजय मिळवणारे जॉन कूपर यांची नोकरी २००१ च्या आरंभी गेली होती. डे यांच्या हकालपट्टीची मागणी उघडपणे होऊ लागली. आधीच्या चार संघांच्या पद्धतीत सहाव्या क्रमांकाचा ओहायो स्टेट घरीच बसला असता. बारा संघांच्या पद्धतीत, वरची मानांकने गटविजेत्यांना गेल्याने, आठवे मानांकन मिळून तो आत आला, टेनेसी, ओरेगन, टेक्सस यांना हरवत गेला आणि २० जानेवारी २०२५ रोजी अटलांटात नोत्र दामला ३४-२३ ने नमवून विजेता झाला. प्रशिक्षक तोच, खेळाडू तेच. सात आठवड्यांपूर्वी त्यांच्याविषयी जे खात्रीने बोलले जात होते ते सगळे फोल ठरले.

विजेतेपदाने मिळणारे संरक्षणही अल्पायुषी असते. ऑबर्नला २०१० चे विजेतेपद मिळवून देणारे जीन चिझिक दोन वर्षांनी ३-९ च्या हंगामानंतर गेले. लुइझियाना स्टेटचे एड ऑर्जरॉन २०१९ मध्ये १५-० होते आणि २०२१ संपताना बाहेर होते. बरखास्तीची किंमत मात्र प्रचंड असते, कारण दीर्घ करारातील उरलेली रक्कम विद्यापीठाला द्यावी लागते. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिंबो फिशर यांना काढताना ही देणी सुमारे ७.६ कोटी डॉलर होती. फ्रँकलिन यांच्या बाबतीत ती सुमारे ४.९ कोटी होती, पण ते व्हर्जिनिया टेककडे गेल्यावर तडजोडीने पुष्कळ घटली. अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. एवढ्या पगाराच्या माणसाविषयी सहानुभूती वाटणे अवघड जाते हे खरे. पण त्याच्याबरोबर सहाय्यकांची अख्खी फळी बेकार होते, कुटुंबे शहरे बदलतात, आणि त्या सहाय्यकांचे करार कोट्यवधींचे नसतात.

शरीरावर होणारा परिणाम नोंदवून ठेवण्यासारखा आहे. मिशिगनचे बो शेंबेकलर यांना १९७० च्या रोझ बाउलच्या तोंडावर हृदयविकाराचा झटका आला. अलाबामाचे बेअर ब्रायंट यांनी २९ डिसेंबर १९८२ रोजी ३२३ वा विजय देणारा अखेरचा सामना खेळवला आणि चार आठवड्यांनी, २६ जानेवारीला, ते वारले. ओहायो स्टेटचे वुडी हेज यांनी १९७८ च्या गेटर बाउलमध्ये क्लेम्सनच्या खेळाडूवर हात उचलला आणि दुसऱ्या दिवशी त्यांची दीर्घ कारकीर्द संपली. फ्लोरिडाला दोन विजेतेपदे मिळवून देणारे अर्बन मायर २००९ मध्ये गटाचा अंतिम सामना हरल्यावर छातीत दुखून रुग्णालयात गेले, त्यांनी राजीनामा दिला, मागे घेतला आणि वर्षभराने पद सोडलेच.

अलीकडे कामाचा भार वाढला आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा वापरून पैसे कमावता येतात आणि संघ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसावे लागत नाही. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. त्यामुळे प्रशिक्षकाला दर हिवाळ्यात आपलाच संघ पुन्हा बांधावा लागतो. नवोदितांशी करार डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतात आणि संघबदलाची खिडकी २०२६ मध्ये २ ते १६ जानेवारी अशी ठेवली होती. बाद फेरी नेमकी याच काळात चालते. विद्यापीठे प्रशिक्षकांना ऑक्टोबरातच काढू लागली त्याचे हे मोठे कारण आहे. उशीर केला तर नव्या माणसाच्या हाती खेळाडूच उरत नाहीत.

या वेळापत्रकाचा परिणाम मिसिसिपी विद्यापीठात दिसला. ११-१ अशा कामगिरीने संघाची बाद फेरी नक्की झालेली असताना प्रशिक्षक लेन किफिन ३० नोव्हेंबर २०२५ रोजी प्रतिस्पर्धी लुइझियाना स्टेटकडे गेले. तेथे ब्रायन केली यांना महिनाभरापूर्वीच काढण्यात आले होते. मिसिसिपीने किफिन यांना बाद फेरीत संघासोबत राहू दिले नाही आणि बचावफळीचे प्रशिक्षक पीट गोल्डिंग यांच्याकडे सूत्रे दिली. प्रशिक्षकच गेल्यावर या संघाला फारसे कोणी मोजत नव्हते. गोल्डिंग यांच्या संघाने टुलेनला आणि मग शुगर बाउलमध्ये जॉर्जियाला हरवले आणि उपांत्य सामन्यात तो मायामीकडून चार गुणांनी हरला.