बोरिंगएसएसएल

गूगलने ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफी लायब्ररीचा स्वतःच्या वापरासाठी काढलेला आणि स्वतःच सांभाळलेला फोर्क, म्हणजे मूळ कोडपासून वेगळी वाट धरलेली प्रत. क्रोम आणि अँड्रॉइड यावर चालतात, ॲपलच्या सिस्टिममध्येही तो आहे. कोड सगळ्यांना खुला आहे, पण बाहेरच्यांनी त्यावर विसंबू नये, एपीआय-एबीआय (इतर प्रोग्रॅम लायब्ररीशी ज्यातून जोडले जातात ती फंक्शन्स आणि बायनरी रचना) कधीही बदलेल, असं गूगलने रीडमीमध्येच सरळ लिहून ठेवलंय.

फोर्क का झाला यावर दोन मतं दिसतात. गूगलमधल्या ॲडम लँगली यांनी 20 जून 2014 ला तो जाहीर केला आणि हार्टब्लीड, म्हणजे ओपनएसएसएलमधली मेमरीतला डेटा फोडणारी गंभीर चूक, उघड झालं होतं 7 एप्रिलला, मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी लिब्रेएसएसएल हा दुसरा फोर्क काढला, त्यामुळे बरेच जण दोन्ही फोर्क हार्टब्लीडच्याच खात्यात टाकतात. लँगलींनी दिलेलं कारण मात्र बरंच रुक्ष आहे. गूगल आधीपासून ओपनएसएसएलवर स्वतःचे पॅच (कोडमधले बदल) चढवत होतं, काही मूळ प्रोजेक्टने घेतले, बरेचसे त्यांच्या एपीआय-एबीआय स्थिरतेच्या हमीत बसेनात, काही फारच प्रायोगिक होते. वेगवेगळ्या कोडबेसमध्ये मिळून पॅचेसचा आकडा 70 च्या वर गेला आणि दरवेळी नव्या आवृत्तीवर ते सगळे रिबेस करत, म्हणजे नव्या कोडवर पुन्हा बसवत, राहणं परवडेना. हेच कारण जास्त पटतं. हार्टब्लीडने फार तर निर्णयाची घाई झाली असावी.

खरा बदल दिशेचा. आधी ओपनएसएसएल पाया आणि त्यावर पॅच, आता पाया स्वतःचा आणि ओपनएसएसएलमधलं हवं तेवढंच उचलायचं. पहिली कमिट 1.0.2 बीटावरून घेतलेली आहे आणि इथून नवा इतिहास सुरू होतो असं तिच्या नोंदीतच म्हटलंय. मग छाटणी झाली, जुने प्रोटोकॉल गेले, हार्टब्लीडची चूक ज्यात होती ती हार्टबीट सोय गेली, डेटा उलगडणं (पार्सिंग) आणि रचणं सीबीएस आणि सीबीबी या छोट्या इंटरफेसवर नेलं. टेस्टिंगसाठी गो भाषेतला टीएलएस (इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित ठेवणारा प्रोटोकॉल) स्टॅक घेऊन तो मुद्दाम चुकीचं वागेल असा केलाय, म्हणजे समोरचा वाकडा वागला तर लायब्ररी काय करते ते तपासता येतं.

फिप्स 140, म्हणजे क्रिप्टोग्राफी मॉड्यूलसाठीचं अमेरिकी सरकारचं मानक, हा किचकट भाग. त्यासाठी बोरिंगक्रिप्टो हा गाभा वेगळा काढलाय. मॉड्यूलने सुरू होताना स्वतःच्याच कोडचा एचमॅक (किल्ली वापरून काढलेला हॅश, कोडचा ठसा) काढून जुळवायचा असतो, पण लिंकर आणि लोडर रिलोकेशन करताना, म्हणजे कोडमध्ये मेमरीतले पत्ते भरताना, बाइट बदलतात आणि मग हिशेब जुळणार कसा, म्हणून डीलोकेट नावाचं टूल कंपायलरने दिलेली असेंब्लीच बदलून त्या भागातली रिलोकेशन काढून टाकतं, बरोबर हॅश नंतर आत भरला जातो.

याची किंमत वापरणारे भरतात. ठरलेल्या रिलीज शाखांचा आधार न धरता कायम ताज्या कोडसोबत राहायचं, मोडलं की आपलं आपण दुरुस्त करायचं. गूगलमध्ये हे जमतं कारण वापरणारा कोडही त्यांच्याच हातात. बाहेर जीआरपीसी (दूरच्या मशीनवरचं फंक्शन बोलावणारी लायब्ररी) सारखे प्रोजेक्ट लायब्ररी सोबतच बांधतात, आणि एकाच प्रोसेसमध्ये ओपनएसएसएलही आली तर सारख्याच नावांची फंक्शन्स एकमेकांना धडकतात. त्यावर नावांना प्रीफिक्स लावायची सोय आहे.

क्विक या नव्या ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉलसाठी लागणारा एपीआय इथे लवकर आला, ओपनएसएसएलमध्ये क्लायंटपुरतं क्विक 3.2 मध्ये, 2023 ला आलं. ॲमेझॉनची एडब्ल्यूएस-एलसी ओपनएसएसएल आणि बोरिंगएसएसएल दोन्हींच्या कोडवर उभी आहे, ती मात्र ग्राहकांनीही वापरावी म्हणून ठेवलेली आहे.