रिपोर्टवर शब्द एकच, ‘रेझिस्टंट’. जंतूंच्या वाटा मात्र दोन

घरात एकाला टीबी, थुंकीच्या तपासणीत ‘रिफाम्पिसिन रेझिस्टंट’. दुसऱ्याला लघवीचा संसर्ग, म्हापशाच्या लॅबमधून आलेल्या कल्चर रिपोर्टवर पाच-सहा औषधांपुढे तोच शब्द. मग विचारलं जातं, ‘त्याचंच माझ्यात आलं का?’ नाही. दोन्ही जंतू औषधाला दाद देत नाहीत हे खरं, पण त्यांना तसं करणारा बदल वेगळ्या जागी असतो आणि उपचारांचं सगळं गणित त्यावर ठरतं.

क्षयाच्या जंतूचा कारभार एकाच गुणसूत्रावर चालतो. औषधविरोधी प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या लहान कड्या, त्याच्याकडे नसतात. डीएनएची नक्कल होताना एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक आरपीओबी जनुकाच्या नेमक्या तुकड्यात पडली, की रिफाम्पिसिनला चिकटायला जागाच उरत नाही. हा बदल त्या जंतूच्या वंशातच राहतो, शेजारच्या जंतूला देता येत नाही. अशी चूक साधारण 10 कोटी जंतूंत एखाद्यात सापडते. आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत 10 लाखांत एखाद्यात. फुप्फुसातल्या एका पोकळीत 10 कोटींच्या आसपास किंवा त्याहून जास्त जंतू मावतात, म्हणजे एकटं औषध दिलं तर त्याला पुरून उरणारे आधीच तिथे बसलेले असतात. पण दोन्ही चुका एकाच जंतूत जुळायच्या तर दोन्ही आकड्यांचा गुणाकार करावा लागतो: 1 वर 14 शून्यं, इतक्या जंतूंत एक! नव्या रुग्णाला सुरुवातीला एकदम चार औषधं देतात ती यासाठी. त्यातली एखादी गोळी मनाने बंद करणं किती घातक, हे या गुणाकारातच दिसतं.

लघवीच्या संसर्गात बहुतेकदा ई. कोलाय असतो, आणि तिथे हा गुणाकार कोसळतो. गुणसूत्राखेरीज त्याच्याकडे डीएनएच्या लहान कड्या असू शकतात, स्वतःची नक्कल स्वतःच काढणाऱ्या. जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये त्यांना प्लाझ्मिड हे नाव दिलं. दोन जिवाणू जोडले जातात आणि कडीची प्रत पलीकडे जाते. देणाऱ्याकडची कडी त्याच्याकडेच राहते, घेणारा त्याच जातीचा असावा असंही नाही. जपानमध्ये 1950 च्या दशकात आमांशाचे शिगेला जंतू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदम जुमानेनासे झाले. चार वेगळ्या चुका जुळायची गरजच नव्हती, चारही जनुकं एका कडीवरून आली. म्हणूनच फार्मसीतून सर्दीसाठी आणलेलं एखादं अँटिबायोटिक मला इतकं खटकतं: सर्दीच्या विषाणूवर त्याचा काही परिणाम नाही, पण आतड्यातले कडीवाले जिवाणू तगतात आणि कडीवरची बाकीची जनुकंही त्यांच्याबरोबर वाचतात.

आजार घडवण्याची ताकदही कधी कडीवर असते. शिगेलाची मोठी कडी काढून घेतली तर त्याला आतड्याच्या पेशीत शिरता येत नाही. उलट टीबीवरच्या बीसीजी लशीतला जंतू निरुपद्रवी झाला तो मुख्यतः गुणसूत्राचाच एक तुकडा गळाल्यामुळे.

ई. कोलायमध्ये गुणसूत्रातले बदलही होतातच. पण दोन्ही वाटा एकत्र पाहायच्या तर टायफॉइड घ्या. 1972 मध्ये कालिकतला क्लोरॅम्फेनिकॉल निकामी झालं ते प्लाझ्मिडमुळे. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिनचा प्रभाव ओसरला तो मुख्यतः गुणसूत्रातल्या जायरए जनुकात झालेल्या बदलामुळे. भारतात आता अनेक ठिकाणी क्लोरॅम्फेनिकॉल पुन्हा लागू पडतं, कारण ते औषध मागे पडल्यावर कडीवाले जंतू कमी झाले. सिप्रोफ्लॉक्सासिन मात्र तसं परतलेलं नाही. आणि 2016 मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमध्ये गुणसूत्रात प्रतिरोध मुरलेल्या टायफॉइडच्या जंतूला आणखी एक कडी मिळाली. त्यानंतर तिथे तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी जवळपास अझिथ्रोमायसिनच उरलं.