ट्रेनिंगहून परतल्यावर

ट्रेनिंगच्या शेवटच्या तासाला एक फॉर्म भरून घेतात. शेरे बहुधा चांगलेच असतात. निघायच्या घाईत वाईट कोण लिहितो? पण तो फॉर्म मोजतो त्या दिवसाची खुशी. नोकरीतलं समाधान वाढलं का, हे कळतं कामावर परतल्यावरच.

एडविन फ्लाइशमन यांचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे फार बोलका आहे. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने आपल्या फोरमनना माणसांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण दिलं होतं. वर्ग संपताच मोजलं, तर हाताखालच्यांना समजून घेण्याकडे त्यांचा कल वाढलेला. पुढे कारखान्यात जाऊन पाहिलं, तर तो परिणाम टिकलेला नव्हता. फोरमन वागत होता आपल्या साहेबाच्या तऱ्हेने. साहेब समजूतदार असेल तर तोही तसा. साहेब दरडावणारा असेल तर शिकलेलं सगळं वहीत.

संस्थेचं वातावरण म्हणतात ते हेच. इथे कशाला शाबासकी मिळते, कशावर डोळे वटारले जातात, नवं काही करताना चूक झाली तर काय होतं, याचा कर्मचाऱ्यांनी मनात बांधलेला अंदाज. शिकलेलं वापरायला वाव मिळाला, की ‘मला हे जमतं’ ही जाणीव येते आणि काम आवडू लागतं. वाव नसेल, तर नवं कौशल्य उलट सलत राहतं. आधी निदान काय चुकतंय ते कळत तरी नव्हतं!

प्रशिक्षण घेतलेले लोक जास्त समाधानी असतात, असं सर्वेक्षणांत अनेकदा दिसतं. त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये. मुळात समाधानी माणूसच शिकायला हौसेने पुढे येतो, आणि चांगल्या संस्था प्रशिक्षणावर खर्चही करतात. मग कशामुळे काय झालं?

हा गुंता सोडवायचा तर माणसं कुठे जाणार हे दैवावर सोडावं लागतं. रुइलर आणि गोल्डस्टाइन यांच्या १९९३च्या अभ्यासात एका फास्ट-फूड साखळीतले प्रशिक्षित सहायक व्यवस्थापक वेगवेगळ्या शाखांत यादृच्छिक पद्धतीने नेमले होते. त्यांनी समाधान नव्हे, वर्तन तपासलं. जिथे वातावरण पोषक होतं, तिथे शिकलेलं जास्त वापरलं जात होतं. वर्गात कोण किती शिकला होता, हा फरक जमेस धरूनही.