जन्मठेप म्हणजे 14 वर्षे नव्हे

खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली की चहाच्या टपरीपासून कोर्टाच्या आवारापर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: "चौदा वर्षांनी सुटेलच." वकिली करताना मयताच्या घरच्यांना हे खरं नाही, असं समजावून सांगावं लागतं, कारण या गैरसमजापायी ती माणसं पार खचून जातात.

जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. गांधीहत्येच्या खटल्यातील गोपाळ गोडसे यांनी, तुरुंगात मिळालेली शिक्षेतली सूट धरून आपली शिक्षा पूर्ण झाली, असा दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये तो फेटाळला. सरकारने शिक्षा माफ केली नाही तर कैद आयुष्यभर चालते.

मग 14 हा आकडा आला कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला किमान 14 वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही, अशी तरतूद 1978 मध्ये आली. आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 475 मध्ये आहे. म्हणजे 14 ही सरकारवरची मर्यादा आहे, कैद्याचा हक्क नाही. त्यानंतरही अर्ज, कारागृहाचा अहवाल, न्यायाधीशांचं मत हे सगळं आलंच, आणि अर्ज नामंजूरही होतो.

2002 च्या गुजरात दंगलीतील बिल्किस बानो सामूहिक बलात्कार आणि खून प्रकरणात जन्मठेप झालेल्या 11 दोषींना गुजरात सरकारने सोडलं. खटला मुंबईत चालला असल्याने तो अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये ती माफी रद्द केली. दोषींना पुन्हा तुरुंगात जावं लागलं.