वानरांची नर-टोळी आणि गोरिलांचा नर-गट: दिसायला सारखे, पण एक नव्हेत

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला खेटून राहणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. एरवी सोसायटीच्या भिंतीवर वानरं येतात तेव्हा त्यांत माद्या असतात, त्यांच्या पोटाला बिलगलेली काळीकुळकुळीत पिल्लं असतात आणि जरा बाजूला एक थोराड हुप्प्या बसलेला असतो. मग एखाद्या सकाळी वेगळेच पाहुणे येतात. सगळे नर, एकही पिल्लू नाही. कुणाचा कान फाटलेला, कुणाच्या ओठावर जुनी खूण, कुणी अजून अंगानेही न भरलेला पोरगा. कुणी कुणाच्या उवा काढत निवांत बसलेलं दिसत नाही. थोडा पाला ओरबाडतात, शेजारच्या झाडीकडे कान लावतात आणि पुढे सरकतात.

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, परदेशातल्या झूमध्ये गोरिलांचा बॅचलर ग्रुप असतो ना, तसलाच हा." तरुण नर, मादी नाही, एवढं साम्य पाहून दोन्हींना एकाच माळेत ओवलं जातं. त्यातून दोन्ही प्राण्यांवर अन्याय होतो. वानरांच्या टोळीला "बिचारे, घराबाहेर काढलेले" म्हणून केळी आणि पाव टाकले जातात. आणि एखादा तरुण गोरिला दुसऱ्या झूतल्या नर-गटात पाठवला की लोक हळहळतात, आईपासून तोडला, आता जन्मभर असाच राहणार म्हणून.

साम्य आहे ते आधी मान्य करू. दोन्ही जातींत नर आणि माद्या जवळपास सारख्याच संख्येने जन्मतात, पण कळप बहुतेक वेळा एक मोठा नर आणि अनेक माद्या असा असतो. साहजिकच बरेच नर उरतात. इथपर्यंत दोघांची वाट एक आहे. फाटा फुटतो तो माद्यांमुळे.

वानरांत मादी सहसा जन्मभर आपल्याच कळपात राहते. आजी, आई, मावश्या, बहिणी असं ते घर असतं आणि आसपासचा टापूही त्यांचाच. नर येतात आणि जातात. त्यामुळे नराला माद्या हव्या असतील तर भरल्या घरात शिरून तिथल्या हुप्प्याला हुसकावावं लागतं. एकट्याच्याने ते सहसा जमत नाही, म्हणून टोळी. जोधपूरच्या आसपास वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींत हुप्प्याची कारकीर्द सरासरी दोन वर्षांच्या आसपास निघाली. कुणी काही दिवसांतच पडला, कुणी पाच-सहा वर्षं टिकला. पडलेला हुप्प्या पुन्हा टोळीत येतो, कधी त्याच्यामागून त्याची वयात न आलेली मुलंही येतात. म्हणून टोळीत कोवळी पोरं आणि हरलेले म्हातारे शेजारीशेजारी दिसतात.

हल्ला सगळे मिळून करतात, पण गादी एकालाच मिळते. जिंकलेला नर मग ज्यांच्या जोरावर जिंकला त्या सोबत्यांनाच हाकलून लावतो. टोळीतली एकी एवढीच, त्या दिवसापुरती. त्यानंतर जे होतं ते पाहायला जड जातं. 1960च्या दशकात जपानचे संशोधक युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळच्या जंगलात पाहिलं की नवा नर कळपातली अंगावरची पिल्लं मारतो. पुढे राजस्थानातल्या माउंट अबूच्या वानरांचा अभ्यास करताना अमेरिकेच्या सारा हर्डी यांनी त्यामागचं कारण मांडलं: दूध पाजणं थांबलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची पिल्लं होतात. हा विकृतीचा किंवा गर्दीचा परिणाम आहे, असं म्हणणारेही बरेच होते. 1999 साली नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीत दिसलं की मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. हर्डींच्या म्हणण्याला त्यामुळे मोठं बळ मिळालं.

भिंतीवर बसलेली ती टोळी सतत जवळपासच्या कळपाचा अंदाज घेत असते. तिला खाऊ घालून एकाच जागी रेंगाळत ठेवलं, तर शेजारच्या पिल्लांच्या कळपावरचं संकट आपणच वाढवतो. माझं यावर स्पष्ट मत आहे: खिडकी लावून घ्या, लांबून बघा आणि खायला काहीही देऊ नका.

आता गोरिला.

गोरिलांत घर सोडते ती मादीसुद्धा. वयात आली की ती बहुधा बापाचा कळप सोडून दुसऱ्या नराकडे जाते, आणि तिथे पटलं नाही तर पुढे आणखी कुणाकडे. म्हणजे तरुण नराला कुणाच्या घरावर टोळीने चाल करून जाण्याचं कारण राहत नाही. त्याने एकट्याने फिरायचं, ताकद कमवायची, छाती बडवून आपण इथे आहोत हे कळवायचं आणि एखादी मादी येईल याची वाट पाहायची. छाती बडवतो ती मुठीने नव्हे, खोलगट केलेल्या तळहातांनी. तो आवाज दाट जंगलातही लांबवर पोचतो. झूमध्ये जवळपास सगळीकडे असतात त्या पश्चिमेकडच्या सखल भागातल्या गोरिलांमध्ये नर घर सोडल्यावर बहुधा वर्षानुवर्षं एकटाच राहतो. जंगलात नुसत्या नरांचे गट नाहीतच असं नाही. रवांडाच्या विरुंगा डोंगरांत पहाडी गोरिलांचा असा एक गट जुइची यामागिवा यांनी 1980च्या दशकात बारकाईने पाहिला. पण झूतल्या जातीत तो अपवादच.

म्हणून झूमधला नर-गट ही माणसाने बसवलेली घडी आहे. कोलो ही बंदिवासात जन्मलेली पहिली गोरिला, अमेरिकेत कोलंबसच्या झूमध्ये, 22 डिसेंबर 1956 रोजी. त्यानंतर झूंमध्ये गोरिलांची वीण हळूहळू चांगली होऊ लागली आणि तसा प्रश्न उभा राहिला: मुलगे झाले, त्यांचं काय करायचं? जंगलातल्यासारखं एकटं भटकायला झूमध्ये जागा नसते. आणि आठ वर्षांच्या पोराला पिंजऱ्यात एकटं ठेवणं म्हणजे क्रूरपणा. बापाजवळ ठेवावं तर साधारण 8 ते 12 या वयात, पाठ अजून काळी असतानाच, खटके उडायला लागतात. बाराच्या पुढे पाठीवर चंदेरी केस दिसू लागले की बाप खपवून घेत नाही. काही ठिकाणी लहानपणीच खच्चीकरण करून नर कळपात ठेवले गेले. मला तो मार्ग पटत नाही. त्यापेक्षा चार-पाच नरांचं मिळून एक घर करणं मला कितीतरी बरं वाटतं.

हे घर बसवायला किती सांभाळावं लागतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. नवा पोरगा आला की त्याला थेट आत सोडत नाहीत. आधी त्याला स्वतःची झोपायची खोली, तिथला वास आणि तिथली माणसं सवयीची होऊ देतात. मग मधल्या जाळीतून एकमेकांना बघणं आणि हुंगणं. जाळीपाशी दोघं येतात तेव्हा रखवालदार ओठ पाहतो. ओठ घट्ट मिटलेले, हातपाय ताठ, नजर तिरकी असेल तर आज पुरे. तोंड सैल उघडं असेल, जाळीतून बोटं पुढे येत असतील, तर उद्या थोडं पुढे जायचं. एकत्र सोडतात तेही अशा जागी, जिथे कोंडीत सापडण्यासारखा कोपरा नाही, प्रत्येक खोलीला दुसरं दार आहे आणि नजरेआड व्हायला आडोसा आहे. खाणं एका ढिगात न ठेवता सगळीकडे विखुरतात, म्हणजे एकाला सगळ्यावर बसता येत नाही.

गिरणगावात कोकणातल्या गावकीची खोली असायची, तसंच हे बरंचसं चालतं. एक वडीलधारा, त्याचा शब्द शेवटचा, प्रत्येकाची पथारीची जागा ठरलेली आणि नव्या पोराने आधी गप्प राहून रीत शिकायची. म्हणूनच शक्यतो पोरं लहान असतानाच आणतात. मोठ्याचा धाक मानायला त्यांना जड जात नाही, दिवसभर कुस्त्या चालतात, पाठलाग चालतो. पुढे दोघंतिघं एकदम वयात आले की ताण वाढतो, चावेही बसतात. तेव्हा काही काळ वेगळं ठेवावं लागतं, कधी गटच मोडून नव्याने बांधावा लागतो. पण भांडणाच्या शेवटी इथे गादी नाही, कुणाचं घर लुटायचं नाही. वानरांच्या टोळीशी खरा फरक इथे आहे.

इंग्लंडमधल्या लाँगलीट सफारी पार्कचं उदाहरण देतो. केशो आणि अल्फ हे डब्लिनला जन्मलेले भाऊ. केशोला वीण व्हावी म्हणून लंडनला नेलं होतं, पण त्याला पिल्लं होणार नाहीत असं निघालं. 2012 साली दोघांना लाँगलीटच्या नर-गटात आणलं. जवळजवळ तीन वर्षांनी भेट होत होती आणि मधल्या काळात केशो अंगापिंडाने पार बदलला होता. तरी आधी जाळीतून हात पुढे आले आणि एकत्र सोडल्यावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली, मग दंगा सुरू. वानरांच्या टोळीत कुणी आपल्याला सोडून गेलेल्याचं असं स्वागत करेल, ही अपेक्षाच चुकीची.

मुंबईत गोरिला नाही. राणीच्या बागेत पेंग्विन आहेत, वाघ आहेत, गोरिला नाही. आपल्याला सोयीचं ठिकाण म्हणजे म्हैसूर. तिथे पोलो नावाचा नर 1995 साली डब्लिनहून आला आणि 2014 मध्ये वारला. शेवटची बरीच वर्षं त्याने एकट्याने काढली. 2021 मध्ये जर्मनीतल्या ड्युसबर्गहून थाबो आणि डेंबा आले, तेव्हा एक 14 वर्षांचा होता आणि दुसरा 8 वर्षांचा. दोघंही नर. म्हणजे पाठ चंदेरी झालेला थोरला आणि काळ्या पाठीचा धाकटा, वर सांगितलेल्या घडीला धरूनच.

सुट्टीत म्हैसूरला गेलेली मुंबईची मंडळी कठड्याशी उभी राहून विचारतात, "यांच्यासाठी मादी कधी आणणार?" प्रश्न मायेने विचारलेला असतो. पण दोन वाढलेल्या नरांमध्ये एक मादी आणली, तर थोरला धाकट्याला जवळ उभा राहू देणार नाही आणि दोघांची घरं वेगळी करावी लागतील. धाकटा मग एकटा पडेल, पोलोसारखा. तिथे गेलात तर अर्धा तास काढून थांबा आणि धाकटा थोरल्याच्या किती जवळ जाऊन बसतो, एवढंच पाहा. थोरल्याने मान वळवली की तो उठून बाजूला होतो का? थोड्या वेळाने परत तिथेच येतो का? येत असेल, तर त्या घरात सगळं बरं चाललं आहे.