नॅक्युबो वार्षिक परिषद

अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठे यांचा पैसा, इमारती आणि रोजचा कारभार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांची राष्ट्रीय परिषद. नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज अँड युनिव्हर्सिटी बिझनेस ऑफिसर्स, संक्षेपाने नॅक्युबो, ही संघटना दर वर्षी जुलैमध्ये ती भरवते. संघटनेची स्थापना १९६२ सालची असून मुख्यालय वॉशिंग्टन डी. सी. येथे आहे. सभासदत्व संस्थेचे असते, व्यक्तीचे नव्हे. त्यामुळे एकदा विद्यापीठाने वर्गणी भरली की तेथील कोणीही कर्मचारी सभासद-दराने परिषदेची नोंदणी करू शकतो.

‘बिझनेस ऑफिसर’ या पदाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मधील ‘वित्त व लेखा अधिकारी’ हे पद त्याच्या जवळपास जाते, पण तेवढे पुरत नाही. अंदाजपत्रक, लेखे व गुंतवणूक यांच्या जोडीला वसतिगृहे, भोजनगृहे, बांधकाम, पार्किंग, सुरक्षा आणि पुष्कळ ठिकाणी मनुष्यबळ विभागही अमेरिकेतील मुख्य बिझनेस ऑफिसरच्या हाताखाली असतो. आपल्याकडे ही कामे वित्त व लेखा अधिकारी, कुलसचिव आणि विद्यापीठाचा अभियंता यांच्यात वाटलेली असतात. परिषदेच्या कार्यक्रमात कायम निधीच्या (एंडोमेंट, म्हणजे मूळ रक्कम न मोडता गुंतवून ठेवलेला निधी) गुंतवणुकीचे सत्र आणि मेसच्या कंत्राटाचे सत्र शेजारी शेजारी दिसते ते यामुळेच.

जुलैच का, याचे उत्तर हिशेबाच्या वह्यांत आहे. बहुतेक अमेरिकी विद्यापीठांचे आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून असते. जुलैत जुने वर्ष नुकतेच संपलेले असते, लेखापरीक्षकांचे मुख्य काम अजून सुरू व्हायचे असते आणि विद्यार्थी सुटीवर असतात. मात्र ३० जूनला वर्ष संपले म्हणून वह्या त्या रात्री बंद होत नाहीत. जूनअखेर मिळालेल्या मालाची व सेवांची बिले येत राहतात, त्यांच्या तरतुदीच्या नोंदी जुलैभर चालतात. परिणामी परिषदेला उपाध्यक्ष दर्जाचे अधिकारी सहज येतात, पण वर्षअखेरीच्या नोंदी प्रत्यक्ष करणाऱ्या लेखापालांना कचेरी सोडणे जड जाते. त्यांच्यासाठी वसंत ऋतूत ‘हायर एज्युकेशन अकाउंटिंग फोरम’ हा वेगळा मेळावा असतो. कर, अंदाजपत्रक, विद्यार्थी-शुल्क, कायम निधी व कर्ज या विषयांचेही स्वतंत्र मेळावे संघटना घेते. वार्षिक परिषद रुंद आहे, खोल नाही. एखाद्या लेखा-मानकाचे कलमवार शिक्षण हवे असणाऱ्याने तिकडे जाऊ नये, हे सांगितलेले बरे.

नॅक्युबोच्या आधीपासून प्रादेशिक संघटना कार्यरत होत्या. आज मध्य, पूर्व, दक्षिण व पश्चिम अशा चार संघटना असून त्यांची स्वतःची संमेलने होतात. राष्ट्रीय परिषदेचे शहर दर वर्षी बदलते : २०१६ मध्ये कॅनडातील माँट्रियल, २०१७ मिनियापोलिस, २०१८ लाँग बीच, २०१९ ऑस्टिन. २०२० ची परिषद कोविडमुळे ऑनलाइन झाली.

परिषद साधारण तीन-चार दिवस चालते. सुरुवातीला सशुल्क कार्यशाळा, नंतर सर्वांसाठीची मुख्य भाषणे, समांतर सत्रे, प्रदर्शन, पुरस्कार आणि संघटनेची वार्षिक सभा. नव्याने पद स्वीकारलेल्यांसाठीचा वर्गही बहुधा परिषदेला जोडूनच होतो. पण जाणकार उपस्थिताच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाचा भाग म्हणजे समान प्रकारच्या संस्थांच्या बैठका. संघटनेत लहान संस्था, सर्वसाधारण व डॉक्टरेट विद्यापीठे, संशोधन विद्यापीठे आणि कम्युनिटी कॉलेजे अशी चार मंडळे आहेत. बाराशे विद्यार्थ्यांच्या खासगी महाविद्यालयाला पन्नास हजार विद्यार्थ्यांच्या सरकारी विद्यापीठाचा अनुभव जवळजवळ निरुपयोगी असतो. दोघांचे लेखा-मानकसुद्धा वेगळे. खासगी संस्था एफएएसबी या लेखा-मानक मंडळाचे नियम पाळतात, सरकारी संस्था जीएएसबी या दुसऱ्या मंडळाचे. त्यामुळे दोन ताळेबंद शेजारी ठेवून तुलना करणारा नवखा अधिकारी हमखास फसतो.

सत्रांचे विषय कायद्याच्या आणि मानकांच्या तारखांमागे धावतात. जीएएसबीचे भाडेपट्ट्यांविषयीचे ८७ क्रमांकाचे मानक ३० जून २०२२ ला संपलेल्या वर्षापासून बहुतेक सरकारी विद्यापीठांना लागू झाले, सॉफ्टवेअर-वर्गणीचे ९६ क्रमांकाचे मानक त्याच्या पुढच्या वर्षी. दोन्हींत अडचण एकच होती : करार लेखा विभागाकडे नव्हते. एखाद्या विभागाने खरेदी कार्डावर घेतलेली तीन वर्षांची सॉफ्टवेअर-वर्गणी खर्चाच्या खात्यात साधे बिल म्हणून दिसते. तिच्यामागे करार आहे, त्याची मुदत किती, नूतनीकरणाचा हक्क कोणाला, हे त्या नोंदीवरून कळत नाही. म्हणून यादी लेखा विभागाने नव्हे, खरेदी आणि संगणक विभागांनी मिळून करायची असते. अशा सत्रात मानकाचा अर्थ सांगणाऱ्यापेक्षा ही यादी कशी जमवली हे सांगणाऱ्या वक्त्याच्या बोलण्याची टिपणे श्रोते जास्त घेतात. ३० जून २०२६ ला संपणाऱ्या वर्षासाठी १०३ क्रमांकाचे मानक आले असून त्यात उत्पन्न-खर्च पत्रकाची मांडणी आणि राज्य अनुदानाची जागा बदलते.

खासगी महाविद्यालयांचा कायमचा विषय म्हणजे शुल्क-सवलत. संस्था जाहीर शुल्क मोठे ठेवते आणि शिष्यवृत्तीच्या नावाखाली त्यातला मोठा भाग स्वतःच सोडते. नॅक्युबो याचा दर वर्षी अभ्यास प्रसिद्ध करते. खासगी ना-नफा संस्थांत पहिल्या वर्षाच्या पूर्णवेळ पदवी विद्यार्थ्यांसाठी सरासरी सवलत आता जाहीर शुल्काच्या निम्म्याहून अधिक आहे. याचे गणित बेरकी आहे. ५०,००० डॉलर जाहीर शुल्क आणि ५५ टक्के सवलत असेल तर हाती २२,५०० डॉलर येतात. शुल्क ४ टक्क्यांनी वाढवून ५२,००० केले आणि विद्यार्थी टिकवण्यासाठी सवलत ५७ टक्के झाली, तर हाती २२,३६० उरतात. शुल्क वाढले, उत्पन्न घटले. विश्वस्तांसमोर फक्त जाहीर शुल्काचा तक्ता ठेवणारा अधिकारी हे झाकतो, आणि ते फार काळ झाकले जात नाही : केंद्रीय शिक्षण खाते खासगी संस्थांना तीन गुणोत्तरांवरून उणे १ ते ३ दरम्यान आर्थिक गुणांक देते. १.५ किंवा जास्त म्हणजे ठीक. १ च्या खाली गेल्यास विद्यार्थी-मदतीचा केंद्रीय निधी चालू ठेवण्यासाठी बँकेचे पतपत्र द्यावे लागू शकते.

श्रीमंत विद्यापीठांची डोकेदुखी दुसरीच. नॅक्युबो आणि ना-नफा संस्थांचा निधी गुंतवणारी कॉमनफंड ही संस्था यांच्या कायम निधी पाहणीत २०२४ च्या आर्थिक वर्षासाठी ६५८ संस्थांनी एकूण ८७३.७ अब्ज डॉलरचा निधी नोंदवला. २०१७ च्या कायद्याने मोठा निधी असलेल्या मोजक्या खासगी विद्यापीठांच्या गुंतवणूक-उत्पन्नावर १.४ टक्के कर बसवला. २०२५ च्या कायद्याने त्याला १.४, ४ आणि ८ टक्के असे टप्पे दिले. टप्पा प्रति-विद्यार्थी निधीवर ठरतो. ५ लाख, साडेसात लाख आणि २० लाख डॉलर या सीमारेषा आहेत. शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या तीन हजारांहून कमी असलेली संस्था यातून सुटते. त्यामुळे विद्यार्थी मोजायचे कसे, हा प्रवेश कचेरीचा प्रश्न एकदम कर सल्लागाराच्या टेबलावर येऊन पडला.

उपस्थितांपैकी अनेकजण परवानाधारक लेखापाल, म्हणजे सीपीए, असतात. त्यांना परवाना टिकवण्यासाठी ठरावीक सीपीई, म्हणजे निरंतर व्यावसायिक शिक्षणाचे, गुण लागतात; बऱ्याच राज्यांत वर्षाला ४० किंवा तीन वर्षांत १२० तास. आपल्याकडच्या चार्टर्ड अकाउंटंटांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. अमेरिकी नियमाने ५० मिनिटांचा एक गुण होतो. ७५ मिनिटांच्या सत्राला दीड गुण मिळतो. ६० मिनिटांच्या सत्राला मात्र आयोजक एक-पंचमांशाच्या पटीत गुण देत असेल तर १.२, अर्ध्याच्या पटीत देत असेल तर एकच. वरची दहा मिनिटे वाया. सत्रांची लांबी ठरवताना ही आकडेमोड आधी करतात. प्रत्यक्ष सत्रात हजेरीची नोंद हवी, उशिरा येणाऱ्याचे गुण कापले जातात. ऑनलाइन सत्रात दर गुणामागे किमान तीनदा प्रश्न विचारून प्रेक्षक जागा आहे याची खात्री केली जाते. चहाला उठलेल्याचा एखादा प्रश्न हुकला की प्रमाणपत्रासाठी पत्रव्यवहार सुरू होतो. प्रेरणादायी मुख्य भाषण हे ‘व्यक्तिमत्त्व विकास’ गटात मोडते आणि त्या गटातले गुण काही राज्ये मर्यादेतच धरतात. चाळीस तास पुरे झाले असे समजून परतलेल्याला डिसेंबरात धावपळ करावी लागते ती बहुधा यामुळे.

प्रदर्शन हा परिषदेच्या उत्पन्नाचा मोठा आधार. लेखा-सॉफ्टवेअर, बँका, विमा, लेखापरीक्षण संस्था, भोजनगृह चालवणाऱ्या कंपन्या आणि परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्क स्वीकारणाऱ्या पेमेंट कंपन्या तिथे स्टॉल मांडतात. या शेवटच्या गटाशी महाराष्ट्रातल्या पालकांचा थेट संबंध येतो. पुण्याहून पाठवलेल्या पैशातून मधल्या बँकेने काही डॉलर कापले तर विद्यापीठाच्या बर्सर, म्हणजे शुल्क जमा करणाऱ्या, कचेरीत थकबाकी दिसते आणि विद्यार्थ्याच्या नोंदणीवर होल्ड बसतो. रक्कम किरकोळ असली तरी संगणकाला ते समजत नाही. म्हणूनच पैसे पाठवताना ‘सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे’ हा पर्याय निवडायचा असतो, नाहीतर रक्कम रुपयात घेऊन पूर्ण डॉलर पोहोचवणारा मार्ग धरायचा असतो.

स्टॉलवाल्यांशी बोलण्याचीही शिस्त आहे. केंद्रीय अनुदानातून खरेदी करणाऱ्या संस्थेला हितसंबंधांविषयी लेखी नियम ठेवावेच लागतात आणि राज्य विद्यापीठांच्या कर्मचाऱ्यांवर भेटवस्तूंची मर्यादा असते. एखाद्या सेवेची निविदा निघालेली असताना त्याच पुरवठादाराबरोबर रात्रीचे जेवण घेतल्यास हरलेला बोलीदार हरकत घेतो आणि सहा महिने खपून काढलेली निविदा पुन्हा काढावी लागते. शहाणे अधिकारी परिषदेला निघण्यापूर्वी खरेदी विभागाकडून चालू निविदांची यादी मागून घेतात.

आयोजकाचा मोठा धोका हॉटेलात असतो. एवढ्या मोठ्या मेळाव्यासाठी करार काही वर्षे आधी होतात आणि त्यात ठरावीक खोल्या भरण्याची हमी द्यावी लागते. समजा १,००० खोली-रात्री (एक खोली एका रात्रीसाठी, ती एक खोली-रात्र) धरल्या, हमी ८० टक्क्यांची आहे आणि दर २५० डॉलर. प्रत्यक्षात ७०० भरल्या तर १०० खोली-रात्रींचे २५,००० डॉलर आयोजकाच्या माथी. लोक आले नाहीत असे दर वेळी नसते. आलेल्यांनी स्वस्त म्हणून दुसरीकडे आरक्षण केले असते. त्यामुळे नोंदणी-यादी हॉटेलच्या यादीशी ताडून, बाहेरून आरक्षण केलेल्या उपस्थितांच्या रात्रीही हमीत मोजल्या जाव्यात, असे कलम करारात आधीच घालून घेतात.

परतल्यावर प्रवासभत्त्याचे बिल. केंद्रीय दरपत्रक वापरणाऱ्या संस्थांत पहिल्या व शेवटच्या दिवशी जेवणभत्ता ७५ टक्केच मिळतो आणि परिषदेने दिलेले जेवण त्यातून वजा करायचे असते. नोंदणी शुल्कात दुपारचे जेवण धरलेले असताना पूर्ण भत्ता मागणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. ती तपासणारी कचेरी बहुधा बिल देणाऱ्याच्याच हाताखाली असल्याने, मुख्य बिझनेस ऑफिसरचे बिल अध्यक्षांच्या किंवा विश्वस्त मंडळाच्या लेखापरीक्षण समितीच्या सहीने मंजूर करण्याची पद्धत अनेक संस्थांनी ठेवली आहे.