हँग ग्लायडिंग (गोव्यातील)

इंजिनाविना, त्रिकोणी पंखाखाली हार्नेसमध्ये (अंगाला बांधलेल्या पट्ट्यांच्या झोळीत) पालथे राहून तरंगण्याचा क्रीडाप्रकार. ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेले कापड म्हणजे पंख. समोरची आडवी दांडी धरून पायलट अंगाचे वजन सरकवतो, त्यासरशी पंख वळतो, वेग घेतो किंवा मंदावतो. जर्मनीच्या ओटो लिलिएंटाल यांनी १८९० च्या दशकात टेकड्यांवरून अशी उड्डाणे केली. १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात कोसळून त्यांचा अंत झाला. आजच्या पंखाचे मूळ अमेरिकेतील फ्रान्सिस रोगालो यांच्या लवचीक पंखात आणि ऑस्ट्रेलियाच्या जॉन डिकन्सन यांच्या १९६३ मधील रचनेत आहे. डिकन्सन यांचा पंख मोटरबोटीमागे ओढून पाण्यावरून उडवला जाई.

गोव्यात या हौशीचे मुख्य ठिकाण पेडणे तालुक्यात, हरमल आणि केरी यांच्यामधला जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उंचावरचे सपाट पठार. त्याचा पश्चिमेचा कडा थेट समुद्राकडे उतरतो. येथे पॅराग्लायडर (सांगाडा नसलेले, दोऱ्यांनी लटकणारे कापडी पंख) जास्त दिसतात, आणि ते साहजिक आहे: पॅराग्लायडर पाठीवरच्या पिशवीत मावतो, तर हँग ग्लायडरची लांबलचक गुंडाळी गाडीच्या टपावर बांधून आणावी लागते आणि त्याला उतरायला मोकळी, लांब जागा हवी असते. भरतीच्या वेळी पुळण अरुंद झाली की तीही उरत नाही.

सारा खेळ खाऱ्या वाऱ्यांचा. दिवस चढला की जमीन तापते, वारा समुद्राकडून येऊन कड्यावर आपटतो आणि वर वळतो. त्याची वर जाण्याची गती पंखाच्या खाली येण्याच्या गतीपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे एक मीटरपेक्षा, जास्त असली की पंख कड्यालगत येरझाऱ्या घालत राहू शकतो. सकाळच्या मतलई वाऱ्यात हाच कडा घातक ठरतो, कारण वारा पाठीमागून येतो आणि काठाखाली भोवरे उठतात. संध्याकाळी वारा पडतो, तेव्हा त्याआधी उतरायचे असते. कडा फार उंच नसल्यामुळे चूक सावरायला अवधी थोडा, आणि पाण्यात उतरणे तर सर्वांत वाईट, कारण पट्ट्या व दोऱ्या माणसाला गुंडाळून टाकतात.

म्हणून अशा जागी क्लब चालवणाऱ्यांचे खरे काम जमिनीवरचे आहे. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) उभारणे, नवख्याचा हार्नेस पंखाला अडकला आहे की नाही हे त्याला आडवे लोंबवून पाहणे, समोरासमोर येणाऱ्यांत कडा उजवीकडे असलेल्याचा मार्ग आधी हा नियम पाळून घेणे, वळण नेहमी कड्यापासून बाहेर समुद्राकडे घ्यायला लावणे. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ याच तालुक्यात सुरू आहे, त्यामुळे हवाई हद्दीचे भानही आता त्यांच्याच गळ्यात आहे. सर्वांत अवघड काम म्हणजे, ‘आज नाही’ असे सांगणे. लांबून आलेला, पंख जोडून तयार झालेला माणूस समोर उभा असतो आणि आकाश निरभ्र असते. तरीही वाऱ्याची दिशा थोडी फिरली म्हणून त्याला थांबवावे लागते. सड्यावर असा माणूस असणे हे पंखाच्या दर्जाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.

१८ जानेवारी २०२५ रोजी केरीच्या सड्यावरून निघालेल्या पॅराग्लायडरच्या अपघातात एक पर्यटक तरुणी आणि तिचा पायलट, दोघेही मरण पावले. हा व्यवसाय परवानगीविना चालू होता, असे पोलिसांनी सांगितले. पर्यटकाला आपल्यापुढे बांधून काही मिनिटांची फेरी मारणे हा धंदा आहे आणि स्वतः शिकून उडणे ही हौस. हौशी क्लबात फी घेऊन फेऱ्या मोजल्या जात नाहीत, त्यामुळे वारा नसताना कोणाला उडवण्याची निकडही नसते.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्यानंतर उष्मा वाढतो आणि जूनपासून पाऊस सड्याचा ताबा घेतो. त्या महिन्यांत पंख सोडवून गोड्या पाण्याने धुतले जातात, कारण खारी हवा पंखाला ताणून धरणाऱ्या तारांना गंज चढवते आणि वाळू शिवणीत जाऊन कापड घासते. तारेचा एकेक धागा बोटांनी तपासायचा, तुटलेला सापडला तर अख्खी तार बदलायची. कोरड्या जागी, उंदरांपासून दूर, पंख आढ्याला टांगून ठेवतात.